मालक गेल्यावर फड कोणाचा?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

स्वयंपाक चालू असेल तर चालू द्या, शेंगा फोडत असाल तर फोडत राहा. हात कामात आणि कान इकडं, एवढं केलं तरी पुरे.

आज एका कलावंत बाईची गोष्ट सांगायची आहे. तमाशातल्या बाईची. तमाशा म्हटलं की आपल्यातल्या कुणी पदर सावरून बसेल, कुणी म्हणेल, हे कशाला आता. पण शेवटपर्यंत ऐका. कारण गोष्ट तमाशाची असली तरी प्रश्न आपल्या घरातला आहे. नवरा गेल्यावर बाईच्या कामाचं काय होतं? तिच्या गळ्याचं, तिच्या हाताच्या कसबाचं काय होतं? आणि ज्या लोकांत ती काम करत होती, त्या लोकांत तिची जागा राहते का?

आपल्याकडं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. एखादीचा आवाज चांगला असतो. हळदीला, बारशाला, भजनाला तिला घरी येऊन बोलावून नेतात. मग तिचा मालक जातो. वर्षभर ती कुठं जात नाही, ते ठीक. पण वर्ष सरल्यावरही हळदीला तिला कुणी बोलावत नाही. भजनात बोलावलं तरी पहिली ओळ तिला उचलू देत नाहीत, मागं बसवतात. कुणी भांडत नाही, कुणी वाईट बोलत नाही. नुसती जागा सरकत जाते. आणि दोन-चार वर्षांनी तीच म्हणते, "मला आता गाणं आठवत नाही बाई." माणूस तर गेलाच होता, त्याच्या मागोमाग गाणंही गेलं.

आता तमाशाकडं येऊ. आपल्या नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष महिन्यात भरते. घोड्यांचा बाजार, गाढवांचा बाजार, पालखी, आणि मोठमोठ्या तमाशांच्या कनाती. तुमच्यापैकी पुष्कळजणी देवदर्शनाला गेल्या असाल, आणि कनातीच्या बाहेरून ढोलकी ऐकली असेल. आत जायची मुभा पुरुषांना. त्या कनातीच्या आत काय असतं, ते आधी सांगते.

ढोलकीचा मोठा फड म्हणजे एक चालतं-फिरतं गाव असतं. नाचणाऱ्या, गाणाऱ्या बाया असतात. सोंगाड्या, मावशी, ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुण्यावर झील धरणारे. त्यांच्याशिवाय कनात ठोकणारे, दिवे लावणारे, गाड्या चालवणारे, स्वयंपाक करणारे. शंभर-सव्वाशे माणसं सहज होतात. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि चैत्र-वैशाखाच्या जत्रा संपेपर्यंत रोज नवा गाव. रात्री गण, गवळण, बतावणी, मग वग. पहाटे कनात उतरवायची, गाडीत भरायची आणि पुढच्या गावाला. लेकरं पडद्यामागं पेट्यांवर झोपतात. त्यांची शाळा, त्यांचं दुखणंखुपणं, सगळं फडाबरोबर फिरतं.

पैशाचं गणितही समजून घ्या, गटातल्या बायांना ते लगेच कळेल. हंगाम सुरू होण्याआधी कलावंतांना मालकाकडून आगाऊ पैसे लागतात, त्याला उचल म्हणतात. पावसाळाभर काम नसतं, घर त्या उचलीवर चालतं. मालक ती उचल देतो कुठून? बहुतेक वेळा तोही व्याजानं पैसे काढतो. मग हंगामात तिकिटावर आणि सुपारीवर कमाई करायची, उचल फेडून घ्यायची, सावकाराचं देणं द्यायचं. पाऊस पडला, जत्रा बुडाली, तर देणं डोक्यावर. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तिथं येतात आणि आपल्या जत्रेची सुपारी देतात. पंच सुपारी देताना काय बघतात? फडाचं नाव. कोणाचा फड आहे, एवढंच.

हे लक्षात ठेवा, कारण आजची सगळी गोष्ट त्या नावाभोवती आहे.

बाईचं नाव कांताबाई सातारकर. जन्म १९३९ सालचा, गुजरातेतल्या टिंबा गावी, दगडाच्या खाणीवर. आईबाप पोटासाठी तिकडं गेलेले, खाणीवर मजुरी करणारे. मूळ घर साताऱ्याकडचं. पुढं ते कुटुंब साताऱ्याला परत आलं आणि तिथं लहानपणीच कांताबाई मेळ्यात नाचू-गाऊ लागल्या. मेळा म्हणजे गणपतीत गाणी-नाच-संवाद करणाऱ्या पोरापोरींचा संच. घरात कलेची परंपरा नव्हती. दगड फोडणाऱ्यांच्या घरची पोर पायात घुंगरू बांधते, हेच मोठं धाडस होतं.

तिथून त्या तमाशात आल्या आणि तुकाराम खेडकर यांच्या फडात पोचल्या. तुकाराम खेडकर हे त्या काळातलं वगातलं फार मोठं नाव. कांताबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, त्यांच्याबरोबर शिकल्या, आणि पुढं दोघांचा संसार झाला. रंगमंचावरही जोडी आणि घरीही जोडी. घर कुठलं म्हणा, फड हेच घर. मुलं झाली. कांताबाई नुसत्या नाचणाऱ्या नव्हत्या. त्या वगात भूमिका करायच्या, आणि बायकांच्याच नाही, पुरुषांच्याही. शिवाजी महाराजांची भूमिका बाईनं करायची आणि हजारो माणसांनी ती मानायची, हे त्यांनी करून दाखवलं.

आणि १९६४ साली तुकाराम खेडकर वारले.

कांताबाई तेव्हा पंचविशीच्या आसपास होत्या. पदरात लहान लेकरं. आपल्या गावात असं झालं की आपण म्हणतो, "बिचारीचं कुंकू गेलं." पण जरा मोजून बघा, त्या बाईचं काय काय गेलं. नवरा गेला. गुरू गेला, कारण शिकवणाराही तोच होता. समोरचा नट गेला. ज्याच्या एका वाक्यावर आपलं दुसरं वाक्य यायचं, तो माणूसच नाही, तर ते वाक्य बोलायचं कुणाला? आणि मग चौथी गोष्ट झाली. त्यांना तो फडही सोडावा लागला. ज्या फडात उभी हयात घालवायची असं धरून चाललेल्या, तिथून लेकरं घेऊन बाहेर.

आपल्याकडं नवऱ्यालाही मालक म्हणतात आणि फड चालवणाऱ्यालाही मालकच म्हणतात. इथं दोन्ही मालक एकच होता. तो गेल्यावर विचारलं जातं ते एवढंच, की आता फड कोणाचा? ज्या बाईनं रात्र-रात्र उभं राहून तो फड नावारूपाला आणला, तिचा किती? शेतीचा निदान सातबारा असतो. फडाचा सातबारा नसतो. नावलौकिकाचा उतारा कुठल्या तलाठ्याकडं मिळत नाही.

मैत्रिणींनो, मी इथं थोडी थांबते. कलावंतांचं जग मोठं मायाळू असतं, एका कुटुंबासारखं असतं, असं आपण ऐकतो. ते खरंही आहे. फडातलं माणूस आजारी पडलं तर फडच त्याला बघतो. एकीचं लेकरू दुसरी पाजते. पण कुटुंबासारखं असतं म्हणजे कुटुंबातल्या वाटण्या, रुसवे, हुसकावणंही तिथं असतंच. माया आहे म्हणून हक्क आपोआप मिळतो असं नाही. हे आपल्या घराला लागू आहे, आपल्या भजनी मंडळाला लागू आहे आणि आपल्या बचत गटालाही लागू आहे.

मग कांताबाईंनी काय केलं? त्या घरी बसल्या नाहीत. बसायला घर नव्हतं, असंही म्हणता येईल. त्या दुसऱ्यांच्या फडात कामाला लागल्या. विचार करा, जी बाई एका मोठ्या फडाची जणू मालकीण होती, तिनं दुसऱ्याच्या दारात जाऊन काम मागायचं. उचल घ्यायची, सांगतील ते करायचं, लेकरं पेट्यांवर झोपवायची. दुःख करायला वेळ कुठं होता? रात्री ढोलकी वाजली की उभं राहावं लागे. लोकांनी तिकीट काढलेलं असतं. हसायच्या जागी हसवावं लागतं.

पुष्कळांना हे निर्दय वाटतं. नवरा गेला आणि ही नाचते. पण मला यात दुसरी बाजू दिसते. जिचा माणूस गेला आहे, तिला बसवून ठेवण्याची आपली रीत आहे. कोपरा द्यायचा, पांढरं-फिकं नेसायला द्यायचं, सणावाराला मागं ठेवायचं. त्याला आपण मान म्हणतो. पण हाताला काम, अंगात ताल आणि चार माणसांत रोजची हजेरी, हे माणसाला उभं ठेवतं. दुःख त्यानं संपत नाही. दुःखाला बसायला थोडी जागा मिळते, सगळं घर ते अडवत नाही.

काही वर्षांतच कांताबाईंनी स्वतःचा फड उभा केला. बाई मालकीण असलेला फड. माणसं जमवायची, उचल द्यायची, गाड्या, कनात, पडदे, दिवे, सगळं शून्यातून. सावकाराशी बोलायचं, पंचांशी बोलायचं, दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्यांना आवरायचं आणि रात्री पुन्हा तोंडाला रंग लावून उभं राहायचं. मुलगा रघुवीर आणि मुली अनिता, अलका फडातच वाढल्या, फडातच शिकल्या. मुलगा मोठा सोंगाड्या झाला. पुढं फडाचं नाव झालं "रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर तमाशा मंडळ". माळेगावच्या यात्रेतही या नावाची पाटी लोकांच्या ओळखीची झाली.

ते नाव जरा नीट ऐका. खेडकर हे गेलेल्या नवऱ्याचं नाव आहे, लेकाच्या नावातून आलेलं. आणि सातारकर हे कांताबाईंचं स्वतःचं. दोन्ही एका पाटीवर. नवऱ्याची आठवण ठेवायची म्हणून स्वतःचं नाव पुसायची गरज पडली नाही, आणि स्वतःचं नाव लावायचं म्हणून त्याला विसरायची गरज पडली नाही. आपल्याला कायम असं सांगितलं जातं की दोन्हीतलं एकच निवड. मालकाच्या फोटोला हार घालणारी बाई हवी, नाहीतर पुढं जाणारी, पण मग ती "विसरली लवकर". कांताबाईंच्या पाटीनं या बोलण्याला उत्तर दिलं.

पुढं राज्य सरकारनं तमाशातल्या थोर कलावंत विठाबाई नारायणगावकर यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्या पुरस्काराच्या पहिल्या मानकरी कांताबाई सातारकर.

शेवटची वर्षं सोपी नव्हती. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागली. चैत्राच्या जत्रांचा हंगाम, फडांचा कमाईचा काळ, तोच बंद पडला. पुढच्या वर्षीही जत्रा भरल्या नाहीत. उचली दिलेल्या, व्याज चालू, कनाती गुंडाळलेल्या. आणि २५ मे २०२१ रोजी संगमनेरला करोनानं कांताबाई गेल्या. वय ब्याऐंशीच्या घरात. खाणीवर जन्मलेली ही बाई तमाशासम्राज्ञी म्हणून गेली.

आता कुणी म्हणेल, ती मोठी बाई, आपण साध्या. आपण कुठं फड काढणार? म्हणून दुसरं एक नाव घेते, ते तुम्हाला पाठ आहे. बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या असोद्यात १८८० साली जन्मलेली शेतकरी बाई. तिशीत नवरा गेला. लिहिता-वाचता येत नव्हतं. फड नाही, मंडळ नाही, ढोलकी नाही. जातं होतं, शेत होतं, चूल होती. त्या कामात तिची गाणी चालूच राहिली. आपल्या वैधव्यावरही तिनं गाणं रचलं. पण ती गाणी आपल्यापर्यंत आली कशी? तिचा मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या एकानं ती वेळोवेळी लिहून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली पुस्तक आलं. लिहून घेणारं कुणी नसतं तर एवढी मोठी कवयित्री असोद्याच्या मातीतच राहिली असती.

एकीला फड लागला, एकीला लिहून घेणारा माणूस लागला. एकटीच्या हिमतीवर सगळं होतं, असं मी म्हणणार नाही. हिंमत बाईची असते, पण जागा लोकांनी द्यावी लागते.

मग आपण काय जागा देऊ शकतो? काही गोष्टी सांगते, आपल्या गटाच्या बैठकीत बोलून बघा.

पहिली गोष्ट, तिची जागा रिकामी ठेवा. भजनी मंडळात जी पेटीवर बसायची, जी पहिली ओळ उचलायची, तिचा माणूस गेला तर तिला वेळ द्या, पण तिच्या जागेवर लगेच दुसरी बसवू नका. आणि महिना-दोन महिन्यांनी दोघीजणी तिच्या घरी जा आणि सरळ म्हणा, "ताई, तुझ्यावाचून सूर लागत नाही, चल." ती नाही म्हणेल. पुन्हा जा. बतुकम्मा असो, हळद असो, डोहाळजेवण असो, बोलावणं आधी तिला द्या.

दुसरी गोष्ट, रीत बदलायला गाव पुढं येऊ शकतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना असं करायचं आवाहन केलं. आपल्या ग्रामसभेत हा विषय आला का, हे विचारायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.

तिसरी गोष्ट, नाव कागदावर आणा, आणि नवरा जिवंत असतानाच आणा. घरावर, शेतावर, बँकेच्या खात्यावर. आणि कसबाच्या धंद्यावरही. दोघं मिळून बँड चालवता, कुंभारकाम करता, बुरुडकाम करता, मंडप-लाइटचं काम करता, तर पाटीवर, पावतीवर दोघांचं नाव हवं. हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा आहे. तो बौद्ध, जैन, शीख बहिणींनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता नवरा गेला तर त्याच्या मालमत्तेत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा वाटा आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती बहिणींचे नियम वेगळे, पण विधवेचा वाटा तिथंही ठरलेला आहे. हक्कसोडपत्रावर अंगठा देण्याआधी गटातल्या कुणाला तरी वाचायला लावा. दुःखाच्या पंधरवड्यात कुठल्याही कागदावर सही करू नका.

चौथी गोष्ट, आपल्या गावातले म्हातारे कलावंत. भारूड म्हणणारे, गोंधळी, शाहीर, कीर्तनकार, तमाशात काम केलेल्या बाया. सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची. पंचायत समितीत जाऊन चौकशी करा, अर्ज भरायला मदत करा. कलावंत वारल्यावर मागं राहिलेल्या जोडीदाराचं काय, हेही तिथं विचारून घ्या. विधवा बहिणींसाठी संजय गांधी निराधार योजना आहे, ती तहसीलमध्ये.

पाचवी गोष्ट सगळ्यात सोपी. प्रत्येक घरात आता मोबाइल आहे. ज्या आजीला जात्यावरच्या ओव्या येतात, ज्या मावशीला मराठी-तेलुगू दोन्हीतली लग्नाची गाणी येतात, तिच्याजवळ बसा आणि आवाज भरून ठेवा. नाव, गाव, तारीख सांगून भरा. सोपानदेवांनी वहीत केलं, ते आपण मोबाइलवर करू. ज्या बाईला वाटतं की आपलं आता काही उरलं नाही, तिच्यासमोर कुणी कान देऊन बसलं, की तिला एकेक ओळ आठवू लागते. हे करून बघा.

आणि जिचा माणूस गेला आहे आणि जी आत्ता हे एकटीनं ऐकते आहे, तिला एक सांगते. बाई, तुला लगेच उभं राहायची कुणी सक्ती केलेली नाही. रड, बस, वेळ घे. पण तुझ्या हाताला जे येतं, तुझ्या गळ्यात जे आहे, ते तुझ्या मालकानं तुला उसनं दिलेलं नव्हतं, की तो गेला म्हणून परत द्यावं लागेल. ते तुझं आहे. त्याच्यासमोर तू गायलीस, त्याच्याबरोबर गायलीस, आता त्याच्या आठवणीनं गा, नाहीतर नुसतं गाण्यासाठी गा. लोक दोन दिवस बोलतील. तिसऱ्या दिवशी तेच तुला बारशाला बोलावतील.

पुढच्या बैठकीत हजेरी घेताना एवढं बघा, की मागच्या वर्षी आपल्यात बसणारी कोण आता येत नाही, आणि तिच्या घरी कोण जाणार. दोन नावं ठरवा आणि वहीत लिहा.

येते मग. राम राम.